जुन्या सुरांचे अर्थकारण

प्रत्येक पिढीला आपल्या तारुण्यातील गाणी अवीट वाटतात आणि आपल्या तारुण्यातील विनोद निर्मळ वाटतो. त्यात नवल असे काही नाही. नवल असलेच तर ते याचे की, ही हळवी भावना आता केवळ भावना राहिलेली नसून तिचा एक रीतसर बाजार उभा राहिला आहे. एरंडोल, धरणगाव, पारोळा, अमळनेर यांसारख्या तालुक्याच्या गावी गणेशोत्सवात अथवा कोजागरीला हमखास गर्दी खेचणारा कार्यक्रम बहुधा जुन्या गाण्यांचा असतो. निवृत्त शिक्षक आणि कारकून सकाळच्या चहाबरोबर एकमेकांच्या मोबाइलवर सुधीर फडके, माणिक वर्मा, अरुण दाते यांची गाणी धाडतात. दादा कोंडके यांच्या चित्रपटांतील प्रसंग आणि पु. ल. देशपांडे यांच्या कथाकथनाचे तुकडे तर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाही तोंडपाठ असतात. 'आता तसे गायक नाहीत, तसे विनोदवीर नाहीत' हे वाक्य मग आपोआपच उच्चारले जाते आणि त्यावर सर्वांचे एकमत होते.

ज्या वाक्यावर सर्वांचे एकमत होते, ते एकदा तपासून पाहणे इष्ट असते. भूतकाळाविषयीच्या या ओढीत खरे किती आणि भासमान किती? या ओढीतून निर्माण होणारा पैसा कोणाकडे जातो? आणि ज्यांची आठवण कोणीच काढत नाही, अशा कलावंतांचे काय होते? स्मरणरंजन ही निरुपद्रवी करमणूक आहे असे मानून हे प्रश्न टाळले जातात. वस्तुतः खानदेशासारख्या, महानगरांपासून दूर असलेल्या प्रदेशाच्या दृष्टीने हे प्रश्न बरेच जिव्हाळ्याचे आहेत.

सुवर्णकाळ तेव्हा कोणाला दिसला?

पहिली गोष्ट अशी की, आज ज्या काळाला सुवर्णकाळ म्हटले जाते, त्या काळातील प्रतिष्ठितांना तो तसा मुळीच वाटत नव्हता. बालगंधर्वांच्या नाट्यपदांवर पोसलेल्या रसिकांना गजाननराव वाटवे यांचे भावगीत गायन फिके वाटे. चौकाचौकांत वाटव्यांना ऐकण्यासाठी माणसे दाटीवाटीने उभी राहत, ही गोष्ट त्यांच्या लेखी अभिरुचीच्या ऱ्हासाचेच लक्षण होती. पुढे वाटव्यांची पिढी मागे पडली आणि चित्रपटगीतांनी घराघरात प्रवेश केला, तेव्हा तीच तक्रार भावगीतांच्या चाहत्यांनी केली.

या बाबतीत सर्वांत बोलके उदाहरण आहे ते केंद्रीय नभोवाणीमंत्री डॉ. बाळकृष्ण केसकर यांचे. पुण्यात जन्मलेले आणि शास्त्रीय संगीताचे निस्सीम भक्त असलेले केसकर १९५२ साली मंत्री झाले आणि त्याच वर्षी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. ही गाणी उथळ आणि पाश्चात्त्य वळणाची आहेत, असा त्यांचा आक्षेप होता. परिणाम काय झाला? श्रोत्यांनी आपले रेडिओ शास्त्रीय संगीताकडे न वळवता सिलोनकडे वळवले. १९५२ च्या अखेरीस रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अमीन सयानी यांचा आवाज देशभर पोहोचला. अखेर १९५७ साली सरकारला 'विविध भारती' सुरू करून ही माघार मान्य करावी लागली. २०२४ च्या फेब्रुवारीत सयानी यांचे निधन झाले, तेव्हा एका अभिजात युगाचा अस्त झाला, असे सर्वत्र म्हटले गेले. ज्या गाण्यांवर सरकारने उथळपणाचा शिक्का मारला होता, तीच गाणी सत्तर वर्षांत अभिजात ठरली.

विनोदाचीही कथा वेगळी नाही. वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्याने दादा कोंडके यांना रंगभूमीवर नाव मिळवून दिले. १९७१ मध्ये 'सोंगाड्या' प्रदर्शित झाला, तेव्हा दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात त्याला जागा मिळावी म्हणून शिवसेनेला रस्त्यावर यावे लागले होते. पुढे त्यांच्या सलग नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरे केले आणि त्याची नोंद 'गिनीज'च्या विक्रमग्रंथात झाली. परंतु त्या दिवसांत सुशिक्षित मध्यमवर्ग कोंडके यांचे नाव घेताना नाक मुरडत असे. द्व्यर्थी संवादांबद्दल त्यांच्यावर टीका होई आणि परिनिरीक्षण मंडळाशी त्यांचे खटके उडत. १९९८ मध्ये ते गेले. आज त्याच मध्यमवर्गाची पुढची पिढी 'दादांसारखा निखळ विनोद आता कुठे?' असे विचारते. यात दांभिकता आहे असे नव्हे. काळ गेला की वस्तूची बोच जाते आणि तिची ऊब तेवढी उरते, इतकाच याचा अर्थ.

टंचाईचे माधुर्य

जुने ते सर्व सोने वाटण्यामागे आणखी एक साधा हिशेब आहे. ज्या वर्षी एखादे अविस्मरणीय गाणे निघाले, त्या वर्षी इतरही शेकडो गाणी निघाली होती. ती विसरली गेली. भूतकाळ आपल्यापुढे चाळणीतून येतो, तर वर्तमान पोत्यासकट अंगावर येतो. पाखडलेल्या धान्याची तुलना खळ्यावरच्या राशीशी केली, तर रास निकृष्टच ठरणार. आजच्या राशीतही उत्तम दाणे असतील, परंतु ते निवडण्याचे काम काळाने अद्याप केलेले नाही.

त्यातच टंचाईचा भाग येतो. रेडिओ बाळगायला परवाना लागत असे आणि आळीत तो एखाद्याच घरी असे. 'गीतरामायण' १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवरून वर्षभर प्रसारित झाले. ग. दि. माडगूळकर यांची छप्पन्न गीते आणि सुधीर फडके यांचे संगीत ऐकण्यासाठी श्रोते ठरलेल्या वेळी हातातील कामे टाकून बसत. गाणे चुकले तर ते पुन्हा हवे तेव्हा ऐकण्याची सोय नव्हती. म्हणून ते मनात साठवले जाई. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे ठाऊक असते की, विपुल वस्तूपेक्षा दुर्मीळ वस्तूच्या शेवटच्या नगाचे मोल अधिक असते. आज एका बोटाच्या स्पर्शाने लाखो गाणी हजर होतात, त्यामुळे एकही गाणे पुरते ऐकले जात नाही. दोष गायकाच्या गळ्याचा नसून श्रोत्याच्या विपुलतेचा आहे.

शिवाय त्या ऐकण्यात सोबत होती. घरातील आजीपासून नातवापर्यंत सर्वजण एकाच वेळी एकच गाणे ऐकत आणि दुसऱ्या दिवशी शाळेत, कचेरीत, बाजारात त्याचीच चर्चा होई. आता एका घरातील चार माणसे चार कानात चार वेगवेगळी गाणी घालून बसतात. जुन्या गाण्यांसाठी हळहळणारा श्रोता पुष्कळदा गाण्यासाठी हळहळत नसतो. त्या सोबतीसाठी हळहळत असतो, आणि ती सोबत कोणतीही ध्वनिफीत विकत देऊ शकत नाही.

नफा कोणाचा?

तथापि, या हळहळीला ग्राहक समजणारे लोक बाजारात आहेत. जुन्या ध्वनिमुद्रणांचा व्यवसाय करणाऱ्याचे गणित फार सोपे असते. गाणे पन्नास वर्षांपूर्वीच ध्वनिमुद्रित झालेले आहे, गायक-वादकांचे मानधन तेव्हाच चुकते झालेले आहे आणि आणखी एका श्रोत्याला ते ऐकवण्याचा वाढीव खर्च शून्याच्या जवळ आहे. जुन्या एचएमव्ही मुद्रेची वारसदार असलेल्या सारेगामा कंपनीने २०१७ साली पाच हजार जुनी गाणी भरलेला 'कारवां' हा रेडिओसारखा दिसणारा संच बाजारात आणला. मुलांनी आईवडिलांना भेट द्यावयाची वस्तू म्हणून तो घरोघरी गेला आणि पुढे त्याच्या मराठी आवृत्त्याही निघाल्या. यात गैर काही नाही. नव्या यंत्राच्या गुंत्यात न अडकता वृद्धांना आवडती गाणी ऐकता आली, हा लाभच म्हणावयाचा. परंतु प्रश्न असा की, ज्यांच्या कंठातून आणि बोटांतून हे सोने निघाले, त्यांच्या पदरात काय पडले?

या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या इतिहासात आहे आणि ते फारसे सुखावह नाही. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात कवीला आणि संगीतकाराला स्थान होते, ध्वनिमुद्रण करणाऱ्या कंपनीला होते, परंतु गाणाऱ्याला, वाजवणाऱ्याला आणि अभिनय करणाऱ्याला स्वतंत्र हक्क नव्हता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस देव आनंद यांच्याशी संबंधित एका दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने नटाला आपल्या अभिनयावर कॉपीराइट सांगता येत नाही, असा निर्णय दिला. देव आनंद यांच्यासारख्या नामांकित नटाची ही स्थिती, तर साथीला ढोलकी वाजवणाऱ्याची काय कथा! १९६० च्या दशकात लता मंगेशकर यांनी गायकांना स्वामित्वधन मिळावे अशी मागणी केली, तेव्हा महंमद रफी यांच्याशी त्यांचा मतभेद झाला आणि काही वर्षे दोघांनी एकत्र गाणेही थांबवले. कलावंतांना स्वतःचे हक्क मिळाले ते १९९४ च्या दुरुस्तीने. त्यानंतर २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार, संगीतकार आणि गायक यांच्या स्वामित्वधनाला बळकटी आली. म्हणजे ज्या दशकांना सुवर्णकाळ म्हटले जाते, ती सर्व दशके गाणाऱ्यांच्या दृष्टीने हक्कशून्य होती.

हा प्रश्न केवळ भारताचा नाही. ब्रिटनमध्ये १९५० आणि १९६० च्या दशकांतील पॉप गायकांविषयी आणि विनोदवीरांविषयी अशीच ओढ आहे. लखनौमध्ये १९४० साली जन्मलेले क्लिफ रिचर्ड हे त्या पिढीचे लाडके गायक. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९५८ ची. ध्वनिमुद्रणाचे संरक्षण पन्नास वर्षांनी संपत असल्याने ती ध्वनिमुद्रिका संरक्षणाबाहेर जाण्याची वेळ आली, तेव्हा मुदतवाढीसाठी मोठी चळवळ झाली. युरोपीय संघाने २०११ मध्ये ही मुदत सत्तर वर्षे केली आणि ब्रिटनमध्ये ती २०१३ पासून लागू झाली. लोक या नियमाला क्लिफ यांच्याच नावाने ओळखू लागले. गंमत अशी की, १९६३ पूर्वीची ध्वनिमुद्रणे या वाढीच्या कक्षेत आली नाहीत आणि त्यामुळे क्लिफ यांचीच आरंभीची गाणी बाहेर राहिली. तरीही या नियमातील एक तरतूद लक्षात घेण्यासारखी आहे. एकरकमी बिदागी घेऊन साथ करणाऱ्या अनाम वादकांसाठी वाढीव काळातील उत्पन्नाचा वीस टक्के वाटा कंपन्यांनी बाजूला काढावा, असे त्यात ठरले. नामवंतांच्या लोकप्रियतेच्या आधाराने अनामांना काहीतरी मिळाले. आपल्याकडे असा विचार अद्याप पुरेसा रुजलेला नाही.

ज्यांची तबकडी निघाली नाही

आतापर्यंतची चर्चा ज्यांचा आवाज यंत्राने टिपला त्यांच्याविषयी झाली. परंतु खानदेशाच्या दृष्टीने कळीचा प्रश्न याच्या पलीकडचा आहे. येथील गावोगावच्या करमणुकीचा फार मोठा भाग कधी ध्वनिमुद्रित झालाच नाही. खानदेशी तमाशातील सोंगाड्याची बतावणी, वहीगायनाच्या रात्री, आखाजीच्या झोक्यावरची आणि कानबाईच्या उत्सवातील गाणी, अहिराणीतील कोट्या आणि उखाणे ही सर्व कला त्या त्या रात्री जन्मली आणि त्याच रात्री संपली. सोंगाड्याचे सामर्थ्यच मुळी हजरजबाबीपणात असते. समोर बसलेल्या पाटलाला, तलाठ्याला, नव्याने आलेल्या मास्तरला टपली मारीत तो वगाला रंग भरतो. तो विनोद लिहिलेला नसतो आणि त्यामुळे तो छापलाही जात नाही. यात्रेची कनात उतरली की, तो ऐकणाऱ्यांच्या आठवणीत तेवढा राहतो, आणि ऐकणारे आता ऐंशीच्या घरात आले आहेत.

मुंबई-पुण्याच्या कलावंताची आठवण विकली जाते, कारण ती आधी वस्तू झालेली असते. तबकडी, चित्रपट, ध्वनिफीत असे तिला रूप मिळालेले असते. खानदेशी सोंगाड्याची आठवण विकली जात नाही, कारण तिला वस्तुरूप मिळालेच नाही. म्हणून पारोळ्याच्या अथवा एरंडोलच्या तरुणाला पन्नास वर्षांपूर्वीचे पुण्यातील कथाकथन ठाऊक असते, परंतु आपल्याच आजोबांना पोट धरून हसवणाऱ्या गावातल्या माणसाचे नावही ठाऊक नसते. स्मरणरंजनाच्या या बाजारात खानदेश केवळ ग्राहक आहे. उत्पादक म्हणून त्याची नोंद नाही. कापूस येथे पिकावा आणि कापड बाहेरून विकत घ्यावे, असा व्यवहार या भागाने पुष्कळ वर्षे पाहिलेला आहे. त्याच जातीचा हा प्रकार.

नोंद नसणे हा गरिबांचाच शाप आहे असेही नाही. ब्रिटनमधील बीबीसीसारख्या संपन्न संस्थेने १९६० आणि १९७० च्या दशकांत आपल्या कार्यक्रमांच्या असंख्य चित्रफिती पुसून टाकल्या. फीत महाग होती, तिच्यावर पुन्हा चित्रण करता येत होते, साठवणुकीला जागा लागत होती आणि कलावंतांच्या करारांमुळे कार्यक्रम वारंवार दाखवताही येत नव्हते. पीटर कुक आणि डडली मूर या विनोदवीरांच्या मालिकेचे बरेच भाग असेच नष्ट झाले. पुढे त्यांचे मोल कळले आणि २००१ साली, कोणाच्या घरी जुन्या फिती असतील तर द्या, असे आवाहन जनतेला करण्याची पाळी बीबीसीवर आली. त्यातून 'डॅड्स आर्मी' या मालिकेचे दोन हरवलेले भाग हाती लागले. भारतातही पहिला बोलपट म्हणून गाजलेल्या १९३१ च्या 'आलम आरा'ची प्रत आज उपलब्ध नाही. आज नगण्य वाटणारी वस्तू उद्या अमूल्य ठरेल, हे ओळखणे हिशेबनिसाला जमत नाही, कारण त्याच्या वहीत उद्याचा रकाना नसतो.

याच भूमीत मात्र याच्या उलट घडल्याचे एक थोर उदाहरण आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. शेतात आणि घरात काम करता करता सुचलेल्या त्यांच्या ओव्या घरातल्याच माणसांनी, म्हणजे पुत्र सोपानदेव आणि एका आप्ताने, उतरवून ठेवल्या. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. त्यानंतर ही वही आचार्य अत्रे यांच्या दृष्टीस पडली आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह निघाला. १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटात आशा भोसले यांच्या आवाजाने ही कविता महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात नेली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. या साऱ्या वैभवाच्या मुळाशी काय आहे? घरातल्या कोणीतरी वेळेवर हातात घेतलेली एक साधी वही. ती नसती तर आसोद्याच्या मळ्यात एक अशिक्षित बाई छान गाणी म्हणत असे, एवढीच आठवण फार तर दोन पिढ्या टिकली असती.

खानदेशच्या वेशीवरील मालेगावाचीही गोष्ट अशीच आहे. यंत्रमागावर राबणाऱ्या या गावातील तरुणांनी शेख नासिर यांच्या दिग्दर्शनाखाली 'मालेगाव के शोले' यांसारखी विडंबने तुटपुंज्या साधनांनी चित्रित केली आणि गावाला मनमुराद हसवले. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटाने त्यांची जगाला ओळख करून दिली आणि २०२५ साली रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्या विडंबनातील सुपरमॅन रंगवणारा शफीक हा यंत्रमाग कामगार पुढे कर्करोगाने गेला. कॅमेरा त्या वेळी तेथे नसता, तर त्याच्या विनोदाचा मागमूसही उरला नसता.

आठवण आणि भाकरी

नोंदीचा हा प्रश्न केवळ सांस्कृतिक नाही. तो भाकरीचा आहे. महाराष्ट्र शासन वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना १९५४-५५ पासून मानधन देत आले आहे. ही योजना आता राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने ओळखली जाते आणि २०२४ पासून मानधनाची रक्कम सरसकट दरमहा ५,००० रुपये झाली आहे. ही वाढ स्वागतार्ह आहे. परंतु अर्ज करणाऱ्याने आपल्या कलासेवेचे पुरावे जोडावयाचे असतात. आकाशवाणीची पत्रे, वर्तमानपत्रांची कात्रणे, संस्थांची प्रमाणपत्रे हे पुरावे भावगीत गायकाजवळ असतात. ज्याने आयुष्यभर उघड्यावर, पेट्रोमॅक्सच्या उजेडात लोकांना हसवले, त्याच्याजवळ कोणते प्रमाणपत्र असणार? त्याचा पुरावा म्हणजे गावाची आठवण, आणि आठवणीची सत्यप्रत कोणत्याही कचेरीत मिळत नाही. अशा प्रकारे नोंदीच्या अभावी त्याचे नाव जाते आणि नाव नसल्यामुळे निवृत्तीची भाकरीही जाते.

नाव असूनही भाकरी मिळतेच असे नाही, हे विठाबाई नारायणगावकर यांच्या आयुष्याने दाखवून दिले आहे. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविल्या गेलेल्या या तमाशा सम्राज्ञीची अखेरची वर्षे आर्थिक ओढाताणीत गेली. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. आता शासनाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. जिवंतपणी विवंचना आणि मरणोत्तर पुरस्कार ही आपल्या समाजाची ठरलेली रीत झाली आहे.

तमाशाचा फड आज का टिकत नाही, याचेही उत्तर अर्थशास्त्राजवळ आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली प्रयोगकलांच्या अर्थकारणावर ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, कारखान्यात यंत्राने एका माणसाचे उत्पादन दहापट होते, परंतु चार वादकांचे वादन आजही चारच वादकांना तेवढाच वेळ घेऊन करावे लागते. सभोवारची मजुरी वाढत जाते, तसा प्रयोगाचा खर्च वाढतो, पण उत्पादकता मात्र वाढत नाही. गण, गवळण, बतावणी आणि वग यांना पूर्वी जितकी माणसे लागत तितकीच आज लागतात. त्यात मालमोटारी, डिझेल, ध्वनी आणि प्रकाश यांचा खर्च मिळवा. नारायणगावच्या राहुट्यांतून गावकऱ्यांनी दिलेल्या सुपारीवर हा सारा डोलारा उभा राहतो. २०२० आणि २०२१ मध्ये साथीमुळे यात्राच भरल्या नाहीत, तेव्हा फडमालकांपासून ढोलकीवाल्यापर्यंत सर्वांचीच उपासमार झाली. अशा कलेने जवळजवळ फुकट मिळणाऱ्या जुन्या ध्वनिमुद्रणाशी स्पर्धा करावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे. गतकाळातील कलावंत कधी मानधन वाढवून मागत नाही, आजारी पडत नाही, प्रवासखर्च लावत नाही. त्याच्यापुढे जिवंत कलावंत नेहमीच महाग ठरणार.

येथे एक आक्षेप संभवतो. अहिराणी गाणी आज मोबाइलवर कोट्यवधी वेळा पाहिली जातात, लग्नाच्या वरातीत वाजतात, मग खानदेशाचा आवाज हरपला असे कसे म्हणावे? हा आक्षेप रास्त आहे आणि ती घटना आनंदाचीही आहे. ज्या बोलीचा उच्चार करताना शहरात शिकणारी मुले संकोचत असत, त्या बोलीवर आता परप्रांतातील तरुणही ताल धरतात. या गाण्यांना ज्येष्ठ मंडळी उथळ म्हणतात, तेव्हा त्यांनी केसकरांचे स्मरण ठेवावे. परंतु नव्याच्या या भरभराटीने जुन्याची नोंद आपोआप होत नाही. किंबहुना नव्या गाण्याच्या मुळाशी ज्या वहीच्या चाली आणि ज्या कानबाईचे सूर आहेत, त्यांचा मूळ धनी कोण हे न नोंदवले गेल्यास, उद्या त्या चालींवर पहिल्यांदा ध्वनिमुद्रण करणाऱ्याचेच नाव लागेल.

करता येईल ते

यावर करावयाचे काय? सर्वच भार शासनावर टाकून मोकळे होण्याची सवय सोडली, तर पुष्कळ गोष्टी तालुक्याच्या पातळीवर करता येण्यासारख्या आहेत. पहिली गोष्ट नोंदीची. प्रत्येक महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे होतात, मराठीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प करावे लागतात. त्यांतील काही शिबिरे वृक्षारोपणाच्या खड्ड्यांऐवजी गावातील वृद्ध कलावंतांच्या घरी भरवता येतील. एकेकाळी तबकडी काढावयाची तर मुंबईच्या कंपनीची मर्जी लागे. आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात त्या काळच्या ध्वनिमुद्रण कक्षाला लाजवील असे यंत्र आहे. त्यावर नाव, गाव, तारीख आणि कलावंताची संमती यांसह एक तासाची मुलाखत घेण्यास खर्च जवळजवळ नाही. ही ध्वनिमुद्रणे तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात आणि कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात ठेवली जावीत.

दुसरी गोष्ट मानधनाची. ज्याच्याजवळ कात्रणे नाहीत अशा कलावंतासाठी, अशा रीतीने केलेली नोंद आणि गावसभेचा ठराव हा पुरावा म्हणून ग्राह्य धरावा. यासाठी योजनेच्या रकमेत वाढ करावी लागत नाही, केवळ नियमांच्या शब्दांत थोडी माणुसकी आणावी लागते. अर्जाचा कागद भरून देण्याचे काम तर गावातील शिक्षकाला आणि कारकुनाला आजच करता येईल. जुन्या गाण्यांच्या प्रेमात पडलेल्या वर्गानेच हे काम हाती घेतले, तर त्या प्रेमाला काही अर्थ येईल.

तिसरी गोष्ट कायद्याच्या लाभाची. भारतात ध्वनिमुद्रणावरील कॉपीराइट प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो. म्हणजे १९६४ पर्यंत प्रकाशित झालेल्या तबकड्यांवरील कंपनीचा हक्क आता उरलेला नाही. अर्थात, कवी आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो हे विसरता कामा नये. तो सांभाळून या तबकड्यांचा सार्वजनिक संग्रह करता येईल. सत्तरच्या दशकापासून जळगावच्या आकाशवाणी केंद्राने या भागातील कितीतरी लोककलावंतांना ध्वनिक्षेपकापुढे बसवले. त्यांपैकी जे जपले गेले असेल, ते याच प्रदेशातील लोकांना सहज ऐकता आले पाहिजे. चौथी गोष्ट सर्वांत सोपी. 'जुन्या अवीट गाण्यां'च्या कार्यक्रमासाठी जी वर्गणी गोळा होते, तिचा एक हिस्सा त्याच रंगमंचावर गावातील एखाद्या जिवंत कलावंताला बोलावण्यासाठी खर्च व्हावा, आणि त्याला शाल-श्रीफळाबरोबर रोख बिदागीही मिळावी.

भूतकाळावर प्रेम करण्यात वाईट काही नाही. ज्या समाजाला मागचे सूर आठवत नाहीत, त्याला पुढचे सूरही सापडत नाहीत. परंतु जे बाजाराने आधीच जपले आहे तेवढेच आठवणे, याला स्मृती म्हणत नाहीत. ती केवळ खरेदी होय. लता मंगेशकर, सुधीर फडके, दादा कोंडके आणि पु. ल. यांना खानदेशाच्या स्मरणशक्तीची गरज उरलेली नाही. त्यांची काळजी वाहणारे समर्थ आहेत. गरज आहे ती गावाच्या पाराजवळ काठी टेकून बसलेल्या त्या म्हाताऱ्या सोंगाड्याला, ज्याच्या तोंडी अजून अख्खा वग आहे आणि ज्याला तो म्हणून दाखव असे गेल्या कित्येक वर्षांत कोणीही म्हटलेले नाही. त्याच्याकडे वेळ फार थोडा आहे. पंचवीस वर्षांनी त्याच्यासाठी हळहळण्यापेक्षा या आठवड्यात त्याच्यापुढे जाऊन बसणे हे अधिक स्वस्त आहे, आणि अधिक सभ्यपणाचेही.